किलोवर जेवण : ब्राझीलच्या काट्यावरच्या खानावळींचं खान्देशी परीक्षण

जळगाव-धुळ्याकडचा माणूस ब्राझीलला गेलाच तर सहसा कामासाठी जातो. ठिबक, पाइप, बियाणं, साखर कारखान्याची यंत्रं, नाहीतर सॉफ्टवेअर. मुक्काम पडतो साओ पावलो राज्याच्या उसाच्या पट्ट्यात, म्हणजे काम्पिनास, पिरासिकाबा, रिबेराव प्रेतो अशा गावांत. किंवा पार ईशान्येला पेत्रोलिनाच्या आंबा-द्राक्षांच्या बागायतीत. राहायची सोय कंपनी लावून देते, भाषेचं हातवाऱ्यांवर निभतं. गाडं अडतं ते दुपारच्या जेवणाशी. त्यावर तिथला सगळ्यात भरवशाचा तोडगा म्हणजे किलोवर जेवण देणारी खानावळ. हे परीक्षण कुठल्या एका दुकानाचं नाही, त्या सबंध प्रकाराचं आहे.

फलकावर ‘पोर किलो’ नाहीतर ‘सेल्फ सर्व्हिस’ लिहिलेलं असतं. आत पदार्थ मांडलेले, आपण ताटली भरायची, काट्यावर ठेवायची, जितकं वजन तितके पैसे. १९८०-९० च्या दशकांत ही पद्धत देशभर पसरली. ती टिकायचं एक मोठं कारण म्हणजे कामगारांच्या जेवणासाठी १९७६ पासून चालू असलेली सरकारी सवलतीची योजना. कंपनी नोकरदाराला जेवणाचं कार्ड देते आणि ते अशा खानावळींच्या गल्ल्यावर चालतं. म्हणून कचेऱ्या आणि कारखाने असतील तिथे किलो-खानावळ हमखास असते. नेमणुकीच्या करारात हे कार्ड आहे की नाही ते निघायच्या आधी विचारून घ्या. पगाराच्या आकड्यात ते दिसत नाही, पण महिन्याच्या खर्चात चांगलंच दिसतं.

निकाल आधीच देऊन टाकतो. सोमवार ते शुक्रवार, दुपारी साडेअकरा ते साडेबारा या वेळेत पाचपैकी साडेचार. दोननंतर तीन. रविवारी अडीच, कारण तेच पदार्थ महाग होतात आणि गर्दी दुप्पट. भाजी-भात-कडधान्यावर भागवणाऱ्याला ही खानावळ उत्तम. माळकरी असाल, अंडंही चालत नसेल, तरी पोट भरेल, पण खाली सांगितलेली चौकशी रोज करावी लागेल. तिखटाच्या खात्यात मात्र सरळ शून्य. तिथला रोजचा स्वयंपाक मिरचीशिवाय चालतो. टेबलावरच्या बाटलीत तेलात बुडवलेल्या मालागेता मिरच्या असतात, त्या आपल्या लवंगीला तोडीस तोड आहेत, तेवढाच आधार. बिकिन्यो नावाची लालचुटूक थेंबाएवढी मिरची दिसते झणझणीत, पण तिला तिखटपणा जवळपास नाहीच. सॅलडमध्ये घालायची शोभा आहे ती.

काटा आणि गल्ला

दारात भाव लिहिलेला असतो, तो नीट वाचा. काही ठिकाणी दर किलोला, काही ठिकाणी दर १०० ग्रॅमला. ‘८,९०’ दिसलं म्हणजे आठ रिआल नव्वद सेंताव्हो, तेही १०० ग्रॅमचे. किलोला ८९ झाले. दशांशाच्या जागी तिथे स्वल्पविराम देतात हेही लक्षात असू द्या. मध्यम शहरात भाव साधारण ६० ते ९० रिआल किलो, साओ पावलोच्या कचेऱ्यांच्या भागात शंभराच्या पुढे. एक रिआल म्हणजे ढोबळमानाने १५ ते १७ रुपये. काही खानावळी दोन भाव लावतात, शेगडीवरचं भाजलेलं मांस धरून एक आणि त्याशिवाय एक. मांस घेत नसाल तर दुसरा भाव मागून घ्या. मागितला नाही तर आपोआप पहिलाच लागतो.

कापसाची ट्रॉली भरलेली एकदा आणि रिकामी एकदा काट्यावर चढते, तसं इथे ताटलीचं वजन वजा व्हायला हवं. फक्त ते काट्यात आधीच भरून ठेवलेलं असतं. खूण सोपी आहे. काट्यावर काही नसताना आकडा उणे दिसतो, रिकामी ताटली ठेवली की शून्य होतो. काटा रिकामा असून शून्य दाखवत असेल, तर ताटलीचे पैसे तुम्ही भरणार. चिनी मातीची ताटली अर्धा किलोची असली तर ८० च्या भावाने फुकटचे ४० रिआल. असं मुद्दाम क्वचित होतं. वीज जाऊन येते, काटा बंद-चालू होतो आणि वजावट पुसली जाते, तेव्हा होतं. काट्यावर इन्मेत्रो या सरकारी वजनमाप संस्थेचा पडताळणीचा शिक्का असतो. तो नसेल तर पुढची खानावळ गाठा.

दुसरी गफलत वाटीची. बीन्सचा रस्सा सांडू नये म्हणून लोक वेगळी वाटी घेतात आणि ती ताटलीतच ठेवतात. काटा ताटली वजा करतो, वाटी नाही. वाटी वेगळी तोलायला सांगा किंवा रस्सा भातावरच घ्या. घरून डबा नेला असेल तर तो रिकामाच आधी काट्यावर ठेवायला सांगा. डबा त्यांच्याकडून बांधून हवा असेल तर ‘पारा व्हियाझें’ म्हणा; फॉइलच्या किंवा प्लास्टिकच्या डब्याचे दोन-तीन रिआल वेगळे लागतात.

आता ग्रॅमांचा हिशेब. भरपेट जेवणाला ४०० ते ४५० ग्रॅम पुरतात. ८० च्या भावाने ४५० ग्रॅमचे ३६ रिआल. नवा माणूस ७०० च्या पुढे जातो, कारण कडधान्याचा रस्सा, बीट, टोमॅटो, कलिंगड ही पाण्याने जड असलेली मंडळी आहेत. काट्याला सगळं सारखं. पाणीही त्याच भावाने आणि चीजही त्याच भावाने. म्हणून कलिंगड-पपईकडे ढुंकून पाहू नका. तेच फळ आठवडी बाजारात, ज्याला तिथे ‘फेइरा’ म्हणतात, चिल्लर पैशांत मिळतं. त्याऐवजी पामितो (पामच्या खोडाचा कोवळा गाभा), चीज, तळलेला कसावा (ज्याचा साबुदाणा होतो तो कंद), परतलेली हिरवी पालेभाजी घ्या. रस्सा डावाच्या कडेने निथळून बीन्सचे दाणे घेतले तर ताटात ६०-७० ग्रॅमची बचत होते आणि पोटात काही कमी पडत नाही.

पैसे देण्याची पद्धत ‘कोमांदा’वर चालते. कोमांदा म्हणजे दारात मिळणारी चिठ्ठी किंवा नंबरचं प्लास्टिक कार्ड. काट्यावरचा माणूस त्यावर रक्कम चढवतो, रस-पाणी मागवलं की तेही त्याच्यावर, आणि जेवून झाल्यावर गल्ल्यावर सगळा हिशेब. कोमांदा खिशात घालून ठेवा, टेबलावर नको. हरवली तर अमुक रिआल दंड अशा पाट्या दिसतात. १९९० च्या ग्राहक संरक्षण कायद्याच्या आधारे तिथल्या ग्राहक संस्था हा दंड गैर ठरवतात. प्रत्यक्ष जे खाल्लं तेवढंच देणं लागतं. वाद घालायला पोर्तुगीज लागतं ही अडचण आहेच, म्हणून काट्यावरून निघताना रकमेचा फोटो काढून ठेवणं सोपं.

गल्ल्यावर दोन प्रश्न ठरलेले. पहिला ‘सेपेएफी ना नोता?’ म्हणजे बिलावर कर-क्रमांक टाकायचा का? नसेल तर ‘नाव’, नको. दुसरा ‘देबितो ओ क्रेदितो?’ भारतातलं आंतरराष्ट्रीय कार्ड बहुतेक मशिनांवर ‘क्रेदितो’ म्हटल्यावरच चालतं, मग ते डेबिट का असेना. ‘देबितो’ दाबलं की कार्ड नाकारलं जातं आणि मागची रांग चुळबुळायला लागते. तिथले लोक पिक्सने पैसे देतात. ब्राझीलच्या मध्यवर्ती बँकेने नोव्हेंबर २०२० मध्ये सुरू केलेली ही सेवा आपल्या यूपीआयसारखीच तत्काळ आहे, पण तिला ब्राझीलमधलं खातं लागतं आणि खात्याला सेपेएफी हा ११ आकडी क्रमांक. तो परदेशी माणसालाही मिळतो. मुंबईतल्या ब्राझीलच्या वकिलातीमार्फत जाण्यापूर्वीच अर्ज करता येतो. तिथे गेल्यावर बँक, मोबाइलचं सिम, बसचं ऑनलाइन तिकीट, सगळ्यांना आधी तोच लागतो. कामाच्या व्हिसावर गेलेल्याने पोहोचल्यापासून ९० दिवसांत फेडरल पोलिसांकडे नोंदणीही करायची असते. त्या तारखा चुकल्या तर दंड लागतो.

दहा टक्के सेवाशुल्काचा रिवाज वाढपी असलेल्या हॉटेलांत आहे आणि तिथेही तो ऐच्छिक. किलो-खानावळीत आपणच वाढून घेतो, त्यामुळे सहसा लावत नाहीत. लावला असेल तर काढून मागायला संकोच नको. गल्ल्याशेजारी थर्मासमध्ये गोड काळी कॉफी असते, ती बहुतेक ठिकाणी फुकट.

भांड्यात काय लपलंय

खरी परीक्षा इथे आहे. ब्राझीलच्या ताटाचा पाया भात आणि फेझाव, म्हणजे कडधान्य. दोन्ही रोज, सगळीकडे. ऐकायला आपल्यासाठीच केल्यासारखं वाटतं आणि नव्वद टक्के ते तसंच आहे. उरलेल्या दहा टक्क्यांत डुक्कर आहे.

फेझाव कुकरला शिजवतात, लसूण-कांदा-तमालपत्राची फोडणी देतात. ही फोडणी पुष्कळदा बेकनच्या चरबीत असते, किंवा कालाब्रेझा नावाच्या सॉसेजच्या चकत्या त्यात सोडलेल्या असतात. चकती उचलून बाजूला ठेवून उपयोग नाही, चव आणि चरबी रश्शात उतरलेली असते. मोठ्या खानावळीत दोन भांडी असतात, एक साधं आणि एक मांस घातलेलं. साध्यावर ‘सें कार्नि’, म्हणजे बिनमांसाचं, अशी चिठ्ठी दिसते. या चिठ्ठीवर पूर्ण भरवसा ठेवू नका. बोलण्यात ‘कार्नि’ म्हणजे लाल मांस, त्यातही मुख्यतः गोमांस. ‘सें कार्नि’ म्हटलेल्या सँडविचमध्ये हॅम, सॅलडमध्ये कोंबडीचे धागे, पास्त्यात ट्यूना निघतो आणि देणाऱ्याला त्यात काही चुकलं असं वाटत नाही. म्हणून सगळ्यांची नावं घेऊनच विचारायचं : ‘सो व्हेजेतारियानो, नाव कोमो कार्नि, फ्रांगो, पेइशि, प्रेझुंतो, बेकन.’ मी शाकाहारी. मांस, कोंबडी, मासा, हॅम, बेकन काही खात नाही. बाई असाल तर ‘व्हेजेतारियाना’. आणि बीन्सच्या भांड्याकडे बोट दाखवून ‘तें बेकन?’ हा प्रश्न वाढपी बाईला विचारा, गल्ल्यावरच्या माणसाला नको. गल्ल्यावरचा नाही म्हणून मोकळा होतो. स्वयंपाक कसा झाला ते त्या बाईला माहीत असतं.

भात दिसायला निर्मळ. लसूण-तेलावर परतून मोकळा शिजवतात. काही स्वयंपाकघरांत कोंबडीच्या अर्काची वडी टाकतात. भाताला पिवळट झाक आणि मसालेदार वास असेल तर तो घ्यायचा नाही. फारोफा हा भाजलेल्या कसाव्याच्या पिठाचा कोरडा भुरका. फेझाववर भुरभुरला की रस्सा घट्ट होतो आणि ताट एकदम बेस लागतं, पण साधा फारोफा विरळाच. त्यात अंडं, बेकन किंवा सॉसेज घालायचा रिवाज आहे. पॅकबंद साधं कसावा-पीठ घरी ठेवावं. कोव्हि ही गडद हिरवी पालेभाजी बारीक चिरून लसणावर परतलेली असते, खान्देशी जिभेला ताटात सगळ्यात जवळची. तिच्यातही तपकिरी तुकडे चमकले तर बेकनच समजा. पाव जि केझो हे कसाव्याच्या स्टार्चचे चीज घातलेले गोळे. गव्हाचा कणही नाही, पण अंडं असतं. बटाट्याचं पांढरं सॅलड म्हणजे अंड्याचं मेयोनीज, तेही दुपारी दीडनंतर उकाड्यात बसलेलं. ते कोणीच घेऊ नये. गोडात मारकुजाचा (पॅशन फ्रूट) मूस पाहून हात पुढे जातो. त्यात आणि रंगीत जेलीत जनावराचं जिलेटिन असू शकतं. नारळाची कोकादा आणि शेंगदाण्याची पासोका निर्धास्त. पे जि मोलेकि तर सरळ चिक्कीच आहे.

गरम पदार्थ गरम राहतात की नाही तेही बघा. तिथल्या आरोग्य खात्याच्या २००४ च्या नियमाप्रमाणे मांडलेलं गरम अन्न ६० अंशांच्या वर आणि जास्तीत जास्त सहा तास ठेवायचं असतं. भांड्याखाली गरम पाण्याची वाफ दिसली पाहिजे. झाकण उघडल्यावर वाफ येत नसेल, वरती साय धरली असेल, तर तो पदार्थ सोडा. लवकर जायचं दुसरं कारण पळ्यांचं. अकरा-साडेअकराला प्रत्येक भांड्याची पळी त्याच भांड्यात असते. एकनंतर मांसाच्या भांड्यातला चिमटा कोव्हित आणि फेझावचा डाव भातात फिरायला लागतो.

साओ पावलोत वारांचा एक जुना क्रम आहे आणि किलो-खानावळीही बराच पाळतात. सोमवारी व्हिरादो (पीठ घालून घट्ट केलेले बीन्स, सोबत डुकराचं मांस), बुधवारी आणि शनिवारी फेझोआदा, गुरुवारी पास्ता, शुक्रवारी मासे. मंगळवारी काही ठिकाणी गुरांच्या वजडीचा रस्सा असतो, त्या दिवशी वासानेच कळतं. फेझोआदा म्हणजे डुकराचे नाना भाग घालून शिजवलेले काळे बीन्स. रिओत तिचा वार शुक्रवार. या दिवशी साधं फेझाव ठेवतीलच असं नाही, म्हणून शाकाहारी माणसाने बुधवारचा बेत वेगळा करावा. गुरुवार आपला.

मटण-कोंबडी खाणाऱ्या पण गोमांस टाळणाऱ्याला धोका वेगळा आहे. उघड तुकडा ओळखू येतो, फसवतं ते झाकलेलं. लाझान्या, एस्कोंदिजिन्यो (कसाव्याच्या लगद्याखाली दडवलेलं मांस), कीबि आणि क्रोकेटि (दोन्ही तळलेले वडे-गोळे) आणि नुसता ‘पास्तेल जि कार्नि’ (सारण भरून तळलेली पातळ घडी) यांत बहुतेक गोमांस. कोशिन्या या थेंबाच्या आकाराच्या तळलेल्या गोळ्यात कोंबडी. एस्त्रोगोनोफि (मलईच्या रश्शातलं मांस) दोन्हींचा करतात, फलकावर ‘जि फ्रांगो’ वाचून मगच घ्या. लिंग्विसा हे सॉसेज म्हणजे बहुधा डुक्कर. बोकडाचं मटण हवं असेल तर ईशान्य ब्राझील गाठावं लागेल. पेत्रोलिनाच्या बाजूला ‘बोजि’ म्हणजे बोकड-शेळीचं मांस रोजच्या खाण्यात आहे, साओ पावलोत ते शोधावं लागतं.

आपल्या ओळखीचं काय काय

भेंडी (कियाबो), वांगं (बेरिंझेला), गंगाफळ (आबोब्रा) हे तिन्ही असतात. भेंडी मिनास राज्यात कोंबडीबरोबर शिजवतात, म्हणून वेगळी परतलेली आहे का ते पाहा. वांगं तेल-व्हिनेगरमध्ये मुरवून थंड वाढतात. भरताची अपेक्षा ठेवू नका. बामणोदच्या हिरव्या वांग्याची सर कुठल्याच वांग्याला नाही, हे आमचं पक्षपाती मत. झिलो नावाचं छोटं हिरवं फळ वांग्याच्याच कुळातलं, चवीला कारल्यासारखं कडू. कारलं आवडणाऱ्याने जरूर घ्यावं, बाकीच्यांनी एकच चकती. शुशु ही फिकट हिरवी, पाणचट फळभाजी सगळीकडे दिसते. बेचव आहे, वजनाला जड आहे, टाळा. कसाव्याला साओ पावलोत मांजिओका, रिओत आइपिं, ईशान्येला माकाशेरा म्हणतात. उकडून तळलेला घेतला तर उपासाची आठवण येईल असा कुरकुरीत.

केळीच्या बाबतीत रावेर-यावलच्या माणसाने भांडण उकरून काढू नये. तिथे चार-पाच जाती रोजच्या विक्रीत असतात. बानाना नानिका ही बुटक्या कॅव्हेंडिश कुळातली, म्हणजे आपल्या बसराईची सख्खी. बानाना प्राता जराशी आंबट, घट्ट, प्रवासात टिकणारी. तिथल्या लोकांची आवडती. बानाना दा तेरा ही शिजवून किंवा तळून खायची. तिची गोडसर काप गरम पदार्थांच्या रांगेत भाताशेजारी असते आणि लोक ती फेझावबरोबर खातात. एकदा खाऊन पाहा, गोड-खारट जमतं. पावाच्या चुऱ्यात घोळवून तळलेली केळी असेल तर आवरणाला अंडं लावलेलं असतं.

जिथे जाल तिथलं भांडं बदलतं. मिनास जेराइसमध्ये भाज्यांचे प्रकार सर्वांत जास्त : आंगू म्हणजे मक्याच्या पिठाचं मऊ घट्ट पिठलं, कोव्हि, झिलो, गंगाफळ. मात्र तिथला पारंपरिक स्वयंपाक डुकराच्या चरबीत होतो आणि नुसत्या भाजीतही ती असते. ‘ओलियो ओ बान्या?’, तेल की चरबी, हे विचारल्याशिवाय पळी उचलू नका. फेझाव त्रोपेइरो आणि तुतू हे दोन्ही बीन्सचेच पदार्थ, दोन्हींत डुक्कर गृहीत धरा. बाहिया राज्यात नारिंगी रंगाचं देंदे पामतेल वापरतात. पहिल्या आठवड्यात पोट बिघडायचं ते बहुतेकदा त्यानेच, थोडं घ्या. तिथला आकाराझे चवळीच्या पिठाचा, म्हणजे मूळ वडा निखळ शाकाहारी, पण आत भरतात त्या व्हातापा आणि कारुरूमध्ये सुकी कोळंबी. वडा रिकामा मागायचा, वर फक्त टोमॅटोचं सॅलड आणि मिरची. तो विकणाऱ्या बायांचा व्यवसाय २००५ मध्ये राष्ट्रीय वारसा म्हणून नोंदला गेला आहे. ईशान्येत सकाळी मक्याच्या जाड रव्याचा वाफवलेला कुस्कुस आणि दुपारी फेझाव जि कोर्दा, म्हणजे चवळी मिळते. बाइयाव जि दोइस हा चवळी-भाताचा खिचडीवजा प्रकार वरून चीज घातलेला असतो. त्यात सुकं मांस टाकतात, विचारा.

तूर तिथे आहे. ‘ग्वांदू’ नाहीतर ‘आंदू’ नावाने ईशान्येकडच्या बाजारात अख्खे दाणे मिळतात, एरवी ती हिरवळीचं खत आणि चारा म्हणून पेरतात. फोडलेली, सालं काढलेली डाळ मात्र नेहमीच्या दुकानात नाही. त्यामुळे वरण-बट्टी किलो-खानावळीत तर नाहीच, घरीही सहज नाही. ज्यांना रात्री चूल पेटवायची आहे त्यांनी साओ पावलोच्या मुख्य मंडईजवळचा झोना सेरियालिस्ता हा धान्य-मसाल्याचा बाजार गाठावा. जिरं (कोमिन्यो), धने, मेथीदाणे, हळद, तीळ, अख्खे मूग, मसूर, काबुली हरभरे सगळं सुटं मिळतं. हळदीला तिथे ‘आसाफ्राव दा तेरा’ म्हणतात, केशर समजून परत फिरू नका. गूळ म्हणजे हापादुरा, विटेसारखा कडक. फलकावर तो ‘र’ने लिहिलेला असतो, बोलताना ‘ह’. गव्हाचं साधं पीठ म्हणजे मैदाच, त्याच्या पोळ्या वातड होतात. पनीर म्हणून मिनास फ्रेस्काल हे ताजं चीज घेतलं तर तव्यावर विरघळतं. केझो कोआल्यो घ्या, ते भाजलं तरी आकार सोडत नाही. घरून न्यायचंच असेल तर पॅकबंद काळा मसाला आणि लसणाची कोरडी चटणी. बियाणं, ताजी फळं, मिरच्या नेऊ नका. विमानतळावर कृषी तपासणीत काढून घेतात.

किलोशिवाय काय? ‘प्रातो फेइतो’ म्हणजे ठरलेल्या भावाचं भरलेलं ताट, स्वस्त आणि भरघोस, पण ते मांसाभोवती रचलेलं असतं आणि मांसाऐवजी अंडं देऊन मोकळे होतात. ‘बुफे लिव्हरि’त एकदाच पैसे देऊन हवं तितकं; ६०० ग्रॅमच्या पुढे खाणाऱ्यालाच परवडतं. होदीझियो म्हणजे मांसाच्या सळया टेबलावर फिरवणारं हॉटेल. शाकाहारी माणसाने पूर्ण भाव देऊन तिथे सॅलड खाणं म्हणजे शुद्ध उधळपट्टी. रात्री किलो-खानावळी बहुतेक बंद असतात. मग पादारिया, म्हणजे बेकरीवजा हॉटेल. लोणी लावून तव्यावर दाबलेला पाव मागा. ‘मिस्तो केंति’ मागू नका, त्यात हॅम असतो. मोठ्या शहरांत तैवानी बौद्धांची आणि ॲडव्हेंटिस्ट पंथीयांची शाकाहारी बुफे आहेत. मांसाची चौकशी करायला नको, हेच त्यांचं सुख. चव मात्र किलो-खानावळीचीच बरी.

लांबच्या बसप्रवासात

साओ पावलोच्या तिएते स्थानकावरून रिओ साधारण ४३० किलोमीटर, सहा तास. बेलो होरिझोंचि ५८० च्या आसपास, आठ-नऊ तास. बसची प्रत ‘कोन्व्हेन्सियोनाल’, ‘एझेकुतिव्हो’, ‘सेमी-लेइतो’, ‘लेइतो’ अशी चढत जाते. रात्रीच्या प्रवासाला सेमी-लेइतोच्या खाली जाऊ नका. पांघरूण हाताशी ठेवा. एसी इतका थंड करतात की जानेवारीच्या उन्हाळ्यातही स्वेटर लागतो.

बस वाटेत वीस-तीस मिनिटं थांबते ती महामार्गावरच्या मोठ्या खानावळीत, आणि तिथेही जेवण किलोवरच. भाव शहराच्या सव्वा ते दीडपट. पदार्थ दिवसभर चालू असतात, म्हणजे रात्री अकराला जे फेझाव दिसतं ते कधीचं आहे सांगता येत नाही. थांब्यावर गरम शिजवून समोर देतात तेच घ्या : आम्लेट, तव्यावरचा पाव, भट्टीतून नुकतं काढलेलं पाव जि केझो, उसाचा रस. वीस मिनिटांत काट्याची आणि गल्ल्याची अशा दोन रांगा लागतात, तेव्हा जेवायला उरतात जेमतेम दहा. म्हणून घरचा डबा किंवा प्राता केळी बरोबर असणं शहाणपणाचं. उतरताना बसचा नंबर टिपून घ्या, एकाच कंपनीच्या एकसारख्या चार बसेस शेजारी उभ्या राहतात आणि ड्रायव्हर उतारू मोजतोच असं नाही. आत शिरताना फिरत्या फाटकावर कोमांदा हातात देतात, नुसतं मुतारीला जायचं असलं तरी. काही घेतलं नाही तरी बाहेर पडताना ती परत द्यावीच लागते, नाहीतर फाटक उघडत नाही.